सल्ला नको, बिल द्या

लहान उद्योग वाढत का नाहीत, यावर ज्ञान देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. बँकेचा ग्राहक मेळावा असो, उद्योग केंद्राचं शिबिर असो की एखाद्या व्यवस्थापन संस्थेचं व्यासपीठ, उत्तरं ठरलेली असतात. तुमच्याकडे दृष्टी नाही. तुम्ही धोका पत्करत नाही. तुम्ही नवं तंत्रज्ञान आणत नाही. आणि शेवटी ते ठेवणीतलं वाक्य येतंच, की मराठी माणसाला धंदा जमत नाही. माझं भोसरीत मशीन शॉप आहे. वडिलांनी एका जुन्या लेथवर ते सुरू केलं, मी ते पुढे चालवतो. या सगळ्या उपदेशकांना मला एकच सांगायचं आहे. लहान कारखाना वाढतो तो वेळेवर हातात आलेल्या पैशावर. तो वाढत नाही, कारण त्याचा पैसा मोठ्या कारखान्याच्या खात्यात पडून असतो. मोठ्या कंपनीच्या वाढीत तिच्या हुशारीचा वाटा असेल, तिच्या ब्रँडचा असेल, पण आमच्या थकलेल्या बिलांचाही आहे. तो वाटा कुठल्याही अध्यक्षीय भाषणात येत नाही.

हिशेबच मांडतो, म्हणजे हवेतल्या गप्पा नकोत. महिन्याला दहा लाखांचं काम करणारं साधं वर्कशॉप घ्या. दहा-बारा कामगार, दोन सीएनसी, एक व्हीएमसी, कोपऱ्यात दोन जुने लेथ, गाळा भाड्याचा. दहा लाखांवर १८ टक्के जीएसटी चढवून बिल होतं ११ लाख ८० हजारांचं. पीओवर, म्हणजे खरेदी आदेशावर, मुदत लिहिलेली असते ४५ दिवस. पैसे येतात १२० दिवसांनी. म्हणजे वर्षातल्या कुठल्याही दिवशी या वर्कशॉपची चार महिन्यांची बिलं, ४७ लाख २० हजार रुपये, बाहेर अडकलेली असतात. तेच पैसे ठरल्याप्रमाणे ४५ दिवसांत आले असते, तर बाहेर राहिले असते १७ लाख ७० हजार. फरक साडेएकोणतीस लाखांचा. साधारण तेवढ्या पैशात एक नवं व्हीएमसी गाळ्यात येऊन उभं राहतं. जे मशीन आमच्याकडे असायला हवं होतं, ते दुसऱ्याच्या ताळेबंदात ‘देणी’ या रकान्यात झोपलेलं आहे. या रकमेवर अकरा टक्क्यांनी वर्षाचं व्याज होतं सव्वातीन लाख. नफा आठ टक्के धरला तर वर्षाला मिळतात ९ लाख ६० हजार. नफ्याचा तिसरा हिस्सा नुसता वाट बघण्यात जातो.

आता याच वर्कशॉपला चांगली संधी चालून आली असं धरा. महिन्याचं काम दहावरून पंधरा लाखांवर जाणार. बाहेरच्याला वाटेल, पेढे वाटायचे दिवस आले. आतल्याला माहीत असतं की या नव्या कामाचा पहिला रुपया पाचव्या महिन्यात दिसणार आहे. तोवर राउंड बार, इन्सर्ट, मजुरी, वीज, कर असे सगळे मिळून वीस लाखांच्या आसपास घरातून घालायचे आहेत. घरात ते नाहीत, कारण जुन्या कामाचे अजून आलेले नाहीत. म्हणून मालक ऑर्डर नाकारतो, किंवा अर्धीच घेतो, आणि लगेच त्याच्यावर शिक्का बसतो की याला मोठं व्हायचंच नाही. काम वाढलं की पैसा आणखी अडकतो, ही आमची खरी कोंडी आहे. कितीतरी वर्कशॉप मंदीत बंद पडली नाहीत, ती भरपूर काम हातात असताना बंद पडली.

मोठ्या खरेदीदाराचं गणित नेमकं उलटं चालतं. त्याने विक्री वाढवली की पुरवठादारांची देणीही वाढतात, आणि ती देणी म्हणजे त्याला मिळालेलं बिनव्याजी भांडवल असतं. त्याला ना तारण द्यावं लागतं, ना प्रोसेसिंग फी, ना दर महिन्याला बँकेत स्टॉक स्टेटमेंट. शेकडो लहान गाळ्यांतून गोळा झालेला हा पैसा वापरून तो नवा प्लँट टाकतो, जाहिरात करतो, उरलेला म्युच्युअल फंडात ठेवतो आणि त्यावरचं उत्पन्न ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवतो. मग त्याच कंपनीचा खरेदी विभाग पुढच्या एप्रिलला आम्हाला पत्र पाठवतो की उत्पादकता वाढवा आणि यंदा दर तीन टक्क्यांनी खाली आणा.

लहान कारखानदाराच्या महिन्यातल्या तारखा बघा. सात तारखेच्या आत पगार. पंधराला प्रॉव्हिडंट फंड आणि ईएसआयसी. वीस तारखेला जीएसटी. महिनाअखेरीला सीसी लिमिटवरचं, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिटवरचं व्याज, बँक ते न विचारता खात्यातून काढून घेते. अधेमधे वीजबिल, गाळ्याचं भाडं, मशीनचा हप्ता. यातली प्रत्येक तारीख पक्की आहे आणि प्रत्येकीच्या मागे दंड उभा आहे. फंड चुकला तर बारा टक्के व्याज आणि वर नुकसानभरपाई. वीजबिल थकलं तर पंधरा दिवसांची नोटीस आणि मग जोडणी तोडणार. स्टीलवाला तर तारखेपर्यंतही थांबत नाही, पैसे जमा झाल्याशिवाय त्याची गाडी हलत नाही. कोल्हापूरचा फाउंड्रीवालाही याच चिमट्यात आहे. पिग आयर्न आणि भंगार रोखीने किंवा चार दिवसांच्या उधारीवर घ्यायचं, भट्टीचं वीजबिल महिन्याच्या महिन्याला भरायचं, आणि ओतलेल्या कास्टिंगचे पैसे मोठ्या वाहन कंपनीच्या साखळीतून तीन-चार महिन्यांनी यायचे. दोन्ही बाजूंना मोठे, मधे हा. एकाला आगाऊ द्यायचे, दुसऱ्याकडून मागाहून घ्यायचे. सगळ्या महाराष्ट्रात तारीख पाळण्याची सक्ती नसलेला एकच माणूस आहे, तो म्हणजे आमचा खरेदीदार.

जीएसटीने यात जे करून ठेवलं आहे, त्याची मला सगळ्यात जास्त चीड आहे. १ जुलै २०१७ पासून कर लागतो तो बिल काढलं म्हणून, पैसे आले म्हणून नव्हे. मी ऑगस्टमध्ये बिल काढलं, की सप्टेंबरमध्ये त्यावरचा कर सरकारजमा करायचा. पैसे डिसेंबरात येणार असतील तरी. न मिळालेल्या पैशावरचा कर मी उसनवारी करून भरतो. आणि खरेदीदार काय करतो? माझं बिल पोर्टलवर दिसलं की त्या कराचं क्रेडिट तो लगेच घेतो, मला एक पैसाही न देता. कायद्याने त्याला १८० दिवसांची सवड दिली आहे. त्या मुदतीत मला पैसे दिले नाहीत तरच त्याला ते क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. म्हणजे एकाच बिलावर मी खिशातून कर भरलेला असतो आणि तो त्याच करातून आपलं देणं फेडत असतो. एकाच देशाचा एक कायदा सांगतो की लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्या, आणि दुसरा कायदा त्याच खरेदीदाराला १८० दिवस निर्धास्त बसू देतो. हे दोन्ही कायदे एकाच संसदेत मंजूर झाले. बसवून विचारायला हवं त्या लोकांना, की हा मेळ तुम्ही कसा घातलात?

बँकेचंही ऐका. आमच्या सीसी लिमिटमधून किती पैसे उचलता येतील हे शिल्लक माल आणि येणी यांवर ठरतं, आणि नव्वद दिवसांपुढची येणी बँक सहसा त्यात धरत नाही. खरेदीदाराने एक्क्याण्णवावा दिवस गाठला, की ते बिल बँकेच्या लेखी मेलं. ज्या दिवशी मला पैशांची सगळ्यात जास्त निकड असते, नेमकं त्याच दिवशी माझी उचल कमी होते. त्यातून माझा हप्ता नव्वद दिवस थकला तर मी एनपीए. माझे पैसे नव्वद दिवस थकवणारा मात्र ‘ए-वन’ पत असलेला ग्राहक, आणि बँकेचा मोठा अधिकारी त्याच्या दारात स्वस्त कर्ज घेऊन उभा. सिबिलमध्ये कलंक लागतो तो मला.

पुस्तकी मंडळींनी या दुखण्याला हात घातला नाही असं नाही, पण नाडी चुकीच्या जागी तपासली. शिये आणि क्लेनाव या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ साली भारत, मेक्सिको आणि अमेरिका इथल्या कारखान्यांची तुलना केली. अमेरिकेत चाळीस वर्षं टिकलेला कारखाना नव्या कारखान्याच्या सातपटीहून जास्त माणसांना काम देतो. भारतात तेवढ्याच वयाचा कारखाना फारसा वाढलेला नसतो. हे निरीक्षण मला पटतं, भोसरीच्या गल्ल्यांत ते डोळ्यांनी दिसतं. हॉल्टिवँगर, जार्मिन आणि मिरांडा या तिघांनी २०१३ साली अमेरिकेच्याच आकड्यांवरून दाखवलं की रोजगार वाढवतात ते नुसते लहान उद्योग नव्हे, तर नवे उद्योग. हेही खरं असणार. पण नव्या उद्योगाकडे जुन्या ओळखी नसतात, तारणाला घर नसतं, साठलेला नफा नसतो. बिल थकण्याचा पहिला बळी तोच.

मग २०१९च्या जुलैत आपला आर्थिक पाहणी अहवाल आला. दहा वर्षं उलटूनही शंभर कामगारांच्या खाली राहिलेल्या कारखान्यांना त्यात खुजे ठरवलं गेलं. संघटित उत्पादन क्षेत्रात संख्येने ते निम्म्याहून जास्त, रोजगारात त्यांचा वाटा १४ टक्के आणि उत्पादकतेत जेमतेम ८. दोष ठेवला गेला कामगार कायद्यांवर आणि लहान राहिल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतींवर. मी म्हणतो, शंभर कामगारांच्या कायद्याची भीती तेव्हा नव्वदवाल्याला असेल. माझ्या गल्लीतले कारखाने बारा माणसांचे आहेत. बाराचे चाळीस का होत नाहीत, याचं उत्तर शंभराच्या कलमात कसं सापडेल? फंडाच्या भीतीने वीसच्या आत राहण्याची खटपट करणारे मालक मला माहीत आहेत, ते मी नाकारत नाही. पण त्यांना विचारा. दर महिन्याच्या पंधरा तारखेला पैसे हातात असण्याची खात्री असती, तर त्यातल्या बहुतेकांनी फंड आनंदाने भरला असता. त्यांना कायदा नको आहे असं नाही, त्या तारखेला खात्यात काही असेल याचा भरवसा नाही.

दुसरा आरोप असतो की हे लोक नफा धंद्यात घालत नाहीत, प्लॉट आणि फ्लॅट घेत सुटतात. घेतात. का घेतात तेही समजून घ्या. बँकेच्या व्यवस्थापकापुढे नामांकित कंपनीची दोन वर्षांची ऑर्डर ठेवली तर तो ती वाचतो आणि विचारतो, तारण काय देणार? विनातारण कर्जाची हमी योजना २००० सालापासून आहे, तिची मर्यादा वाढत वाढत कोट्यवधींवर गेली आहे, तरी शाखेतला प्रश्न बदललेला नाही. ज्या देशात ऑर्डरपेक्षा फ्लॅटवर लवकर कर्ज मिळतं, तिथे कारखानदार फ्लॅटच घेणार. तो त्याने ऐषारामासाठी घेतलेला नसतो, तो त्याच्या पुढच्या मशीनचं तारण असतो. बायकोचे दागिनेही त्याच वाटेने जातात.

करातही आम्ही मागेच. २०१९च्या सप्टेंबरात कंपन्यांचा कर २२ टक्क्यांवर आणला, नव्या उत्पादन कंपन्यांना तर १५ टक्के. दोन भावांनी भागीदारीत चालवलेल्या वर्कशॉपला मात्र पहिल्या रुपयापासून ३० टक्के. लहान कारखाना बाजारातून भांडवल उभं करू शकत नाही, तो वाढतो तो मागे टाकलेल्या नफ्यावरच. त्याच नफ्यावर जास्त कर लावून वर त्याला विचारायचं की तू वाढत का नाहीस!

मोठं होण्यासाठी लहानांचे पैसे दाबावेच लागतात, असं कुणी म्हणत असेल तर तेही खोटं आहे. पवईत २००२ साली पहिलं दुकान उघडणाऱ्या डी-मार्टने पुरवठादारांना आठवड्या-दहा दिवसांत पैसे देण्याची पद्धत ठेवली. त्या बदल्यात माल स्वस्त मिळवला, तो स्वस्त विकला, आणि कंपनी देशातल्या सगळ्यात फायदेशीर किराणा साखळ्यांत जाऊन बसली. वेळेवर पैसे देणं हा तिथे धर्मादाय नाही, वाढीचा पाया आहे. जुन्या काळात बघा. बेळगावातून कारखाना उठवावा लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कुंडलच्या माळावर उभं राहता आलं, कारण औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली आणि पाठबळ दिलं. आपल्याकडे लहानाचा मोठा उद्योग झाला त्याच्या मुळाशी कुणीतरी थांबायला तयार असलेला पैसा होता. आज थांबायला लावलं जातं ते लहानालाच, आणि थांबलेला पैसाही त्याचाच असतो.

कायदा नाही असं कुणी सांगू नये. थकलेल्या बिलांवर व्याज देण्याचा कायदा १९९३ साली झाला. तो पुरेना म्हणून २००६चा कायदा आला. करार काहीही असो, ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत चालणार नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. तक्रार आली तर सुविधा परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यायचा. निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर खरेदीदाराने आधी ७५ टक्के रक्कम भरायची. कागदावर याहून कडक कायदा जगात फार ठिकाणी नसेल. आणि तरी २०२२च्या एका अहवालात लहान उद्योगांची थकलेली येणी १० लाख ७० हजार कोटी रुपये असल्याचा अंदाज आला.

असं का होतं, ते खरेदीदाराच्या गेटवर उभं राहिल्याशिवाय कळणार नाही. कायद्याचं घड्याळ सुरू होतं माल स्वीकारल्यापासून. माल गेटवर उतरतो, वॉचमन चलनावर शिक्का मारतो. पण सिस्टीममध्ये जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, पडायला कधी आठवडा, कधी पंधरवडा. ते पडेपर्यंत बिल अकाउंट्सकडे जातच नाही. गेलं, की कधी दर जुळत नाही, कधी एचएसएन कोड चुकलेला निघतो, कधी पीओची दुरुस्ती बाकी असते. एका मोठ्या कंपनीने आमचं सहाशे नगांचं बिल दोन नग कमी भरले म्हणून अडवलं होतं. दोन नगांचे पैसे कापा आणि बाकीचे सोडा, असं आम्ही म्हणालो. उत्तर आलं, सिस्टीम घेत नाही, जुनं बिल रद्द करून आजच्या तारखेचं नवं द्या. तेव्हा माल जाऊन तीन महिने झाले होते. त्या मालाचे भाग लागलेल्या गाड्या रस्त्यावर धावत असणार. नवं बिल दिलं, घड्याळ पुन्हा शून्यावर. जुन्या बिलावरचा कर आम्ही केव्हाच भरलेला होता. हे सगळं एका सुशिक्षित, शांत आवाजात बोलणाऱ्या तरुणाने फोनवर सांगितलं. त्याचा राग धरून उपयोग नाही. त्याच्या साहेबाचं बक्षीस देणी लांबवण्यावर ठरत असेल, तर तो दुसरं काय सांगणार?

मग परिषदेकडे का नाही गेलात, असं वकील मंडळी विचारतात. जाऊ शकलो असतो. त्या दिवसापासून पुढचं शेड्यूल शून्य झालं असतं. प्रत्येक जॉबला खरेदीदाराकडे तीन व्हेंडर असतात, हे त्याने आम्हाला पुरेपूर ठाऊक करून दिलेलं असतं. माझी अर्ध्याहून जास्त उलाढाल एका ग्राहकावर असताना त्याच्याविरुद्ध तक्रार करणं म्हणजे स्वतःच्या कामगारांना घरी बसवणं. परिषदेची पायरी चढतो तो ज्याने त्या ग्राहकाची आशा सोडली आहे तोच. म्हणून तिथे खटले येतात ते मेलेल्या नात्यांचे. जिवंत नात्यांतली थकबाकी कुठल्याच पोर्टलवर दिसत नाही.

आयकर कायद्याच्या ४३-बी कलमात २०२३ साली नवं उपकलम घातलं, ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च करातून वजा मिळणार नाही. पहिल्यांदाच खरेदीदाराच्या वर्मावर बोट पडलं. कापड व्यापारात केवढी ओरड झाली, कलम पुढे ढकला म्हणून शिष्टमंडळं दिल्लीला गेली. त्या ओरडीवरूनच कळतं की औषध बरोबर होतं. पण मात्रा अपुरी ठेवली. उशिरा का होईना, त्याच आर्थिक वर्षात पैसे दिले तर खर्च मान्य होतो. म्हणून मार्चमध्ये धडाधड बिलं निघतात आणि एप्रिलपासून पुन्हा मागचे पाढे पंचावन्न. मध्यम उद्योग तर या कलमात धरलेलेच नाहीत.

ट्रेड्स नावाची व्यवस्था आहे, तिच्यावर बिल टाकलं की वित्तसंस्था ते वटवून लगेच पैसे देतात. आता २५० कोटींवरच्या उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी केली म्हणजे झालं असं नाही. खरेदीदाराने माझं बिल तिथे मान्य केल्याशिवाय ते पुढे सरकत नाही, आणि तो ते कधी मान्य करेल याला बंधन नाही. शिवाय वटणावळीचं व्याज बहुधा माझ्याच बिलातून कापलं जातं. माझेच पैसे लवकर मिळवण्यासाठी मीच व्याज भरायचं.

२०२० सालच्या मेमध्ये, टाळेबंदीच्या ऐन काळात, तीन लाख कोटींची हमी कर्ज योजना जाहीर झाली. पुष्कळ वर्कशॉप त्या कर्जावर तगली, हे मान्य. त्याच दिवशी सरकारने आपल्या खात्यांकडची आणि सार्वजनिक कंपन्यांकडची लहान उद्योगांची देणी ४५ दिवसांत चुकती करू असंही सांगितलं होतं. याचा अर्थ सरकारला ठाऊक होतं की पैसे थकलेले आहेत आणि ते आपल्याकडेही थकलेले आहेत. खासगी खरेदीदारांवर मात्र तसा काही बडगा उगारला गेला नाही. आमचे पैसे सोडवून देण्याऐवजी आम्हाला कर्ज दिलं. आणि कर्ज फेडायचं असतं.

या साखळीच्या टोकाला कोण आहे तेही सांगितलं पाहिजे. मोठी कंपनी मला थांबवते, मी हार्डनिंगवाल्याला थांबवतो, तो टेम्पोवाल्याला. वर्कशॉपच्या मालकाने कितीही जीव तोडला तरी एखाद्या महिन्यात सात तारीख दहावर जाते. ऑपरेटरच्या घरी त्या तीन दिवसांत काय होतं, हे अकाउंट्सच्या सिस्टीममध्ये उमटत नाही. चांगला सेटर चार वर्षं हाताखाली शिकतो आणि पगार तारखेला मिळतो म्हणून त्याच मोठ्या कंपनीत कंत्राटी म्हणून निघून जातो. आमचा पैसा ठेवून घेतात आणि आमची माणसंही नेतात. लहान कारखान्याची वाढ म्हणजे शेवटी हीच माणसं टिकणं. मशीन हप्त्याने मिळतं, सेटर मिळत नाही.

उपाय काय, असं विचारणाऱ्यांनी नवी योजना आणू नये. योजना पुष्कळ झाल्या. जीएसटी कायद्याच्या सोळाव्या कलमातला एक आकडा बदला. सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांपुरते १८० दिवसांचे ४५ दिवस करा. पैसे दिले नाहीत तर सेहेचाळिसाव्या दिवशी खरेदीदाराचं क्रेडिट जावं. बिल कधी निघालं हे जीएसटीच्या संगणकाला आधीच माहीत असतं, त्यासाठी नवं पोर्टल लागत नाही, निरीक्षक लागत नाही, आणि मुख्य म्हणजे लहान पुरवठादाराला तक्रार करावी लागत नाही. त्याला कुणाचा रोष ओढवून घ्यावा लागत नाही. दुसरं, लहान उद्योगाला पैसे आल्यावर कर भरू द्या. ब्रिटनमध्ये साडेतेरा लाख पौंडांपर्यंतच्या उलाढालीला व्हॅट असा पैसे मिळाल्यावर भरण्याची मुभा आहे. तिसरं, मोठ्या कंपन्या किती दिवसांत पैसे देतात ते त्यांनी दर सहा महिन्यांनी जाहीर करावं. ब्रिटनने २०१७ पासून ते सक्तीचं केलं आहे. आपल्याकडे ४५ दिवसांवरच्या देण्यांचं विवरण कंपन्या सहामाही निबंधकाकडे देतातच. ते कंपनीच्या नावानिशी, कुणालाही चटकन वाचता येईल अशा यादीत लोकांसमोर आणा.

राज्याच्या अर्थमंत्र्यांना माझी विनंती आहे. जीएसटी परिषदेत महाराष्ट्राचा शब्द वजनदार आहे, कारण देशात सगळ्यात जास्त जीएसटी इथूनच जमा होतो. पुढच्या बैठकीत हा १८०चा मुद्दा मांडा. आणि वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांच्याकडे मोठ्या कंपन्यांचे शेअर आहेत, त्यांनाही सांगणं आहे. वार्षिक अहवालात ‘ट्रेड पेएबल्स’ची टीप असते, त्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी वेगळी दाखवावी लागतात आणि ती किती काळ थकली आहेत तेही लिहावं लागतं. लाभांश बघून झाला की ते पान उघडा, आणि सर्वसाधारण सभेत उभं राहून विचारा की यांचे पैसे अजून का दिले नाहीत. आम्हाला विचारता येत नाही. तुम्हाला येतं.